परतावा तुमचा, मत त्यांचं

ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्रेस्केल या अमेरिकी कंपनीनं आपल्या इथेरियम फंडांमधलं ईथर (इथेरियम या क्रिप्टो जाळ्याचं नाणं) स्टेकिंगला, म्हणजे जाळ्यावरचे व्यवहार पक्के करण्याच्या कामासाठी तारण म्हणून, लावायला सुरुवात केली. बातम्या आल्या त्या परताव्याच्या. भाव वाढायचा तेव्हा वाढेल, पण वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास वरकड मिळत राहील, असा त्यांचा सूर होता. कोल्हापुरात ज्यांच्या मोबाइलमध्ये क्रिप्टोचं ॲप आहे त्यांच्यातही बोलणं झालं ते किती टक्के मिळणार याचंच. माझ्या मते या बातमीत परतावा ही दुय्यम गोष्ट आहे. स्टेकिंगला लावलेलं प्रत्येक नाणं मत देतं. मोठ्या संस्था लोकांची नाणी गोळा करून स्टेकिंगमध्ये उतरल्या की परतावा लोकांच्या खात्यावर येतो आणि मत संस्थेकडे राहतं. या मताचा मालक कोण आणि ते वापरायचं कुणी, हे आधी ठरायला हवं होतं. तसं झालेलं नाही, आणि मला याची खरोखर काळजी वाटते.

आधी काम समजून घेऊ. बिटकॉइनमध्ये व्यवहारांची नोंद पक्की करण्याचं काम प्रचंड वीज खाणारी यंत्रं करतात. इथेरियमनं १५ सप्टेंबर २०२२ रोजी ती पद्धत सोडली. आता तिथं हा अधिकार नाणी तारण ठेवणाऱ्याला मिळतो. ३२ ईथर अडकवले की एक व्हॅलिडेटर, म्हणजे नोंदी तपासून पक्क्या करणारं खातं, चालवता येतो. दर १२ सेकंदांनी कुणा एका व्हॅलिडेटरवर नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, मांडण्याची पाळी येते, आणि बाकीचे आपापली पाळी आली की त्यावर साक्ष नोंदवतात. अडकवलेल्या एकूण नाण्यांपैकी दोन तृतीयांश नाण्यांची साक्ष मिळाली की नोंद कायमची होते. तिला फायनॅलिटी म्हणतात. एक तृतीयांशाहून जास्त नाणी गप्प बसली तर काहीच कायमचं होत नाही. म्हणजे एक तृतीयांश ज्याच्या हातात, तो जाळं अडवू शकतो. दोन तृतीयांश ज्याच्या हातात, तो ते हवं तिकडे नेऊ शकतो. व्हॅलिडेटर गैरहजर राहिला तर थोडा दंड होतो. त्यानं परस्परविरोधी साक्षी दिल्या तर तारणात कपात होते आणि त्याला बाहेर काढलं जातं. परतावा मिळतो तो या कामाचा आणि या जोखमीचा. ॲपवर मात्र तो ठेवीवरच्या व्याजासारखा दाखवला जातो आणि त्यामागचं काम गिऱ्हाइकाच्या नजरेआड जातं.

इथेरियममध्ये मतपेटी नसते, तिथं कसलं मत, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण जाळ्यात फूट पडते, नोंदींच्या दोन साखळ्या होतात, तेव्हा खरी कुठली हे साक्षींच्या वजनावर ठरतं. कुठला व्यवहार ब्लॉकमध्ये घ्यायचा आणि कुठला वगळायचा, हे ब्लॉक मांडणाऱ्याच्या मर्जीवर असतं. कुठलं सॉफ्टवेअर चालवायचं तेही व्हॅलिडेटर ठरवतो. सत्ता म्हणतात ती हीच.

संस्था इथवर एका दमात आल्या नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकानं, म्हणजे एसईसीनं, क्रॅकन या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीवर, स्टेकिंग सेवेवरून कारवाई केली. कंपनीनं तीन कोटी डॉलर भरून तिथली ती सेवा बंद केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथेरियमवर अडकवलेली नाणी परत काढण्याची सोय झाली आणि मोठ्या गुंतवणूकदारांची मुख्य भीती गेली. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत ईथरचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड, सुरू झाले, पण स्टेकिंगविना. मे २०२५ मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. इथेरियमनं एका व्हॅलिडेटरची मर्यादा ३२ वरून २,०४८ ईथरवर नेली, त्यामुळे मोठ्या धन्याला हजारो व्हॅलिडेटर सांभाळण्याचा व्याप उरला नाही. आणि एसईसीच्या एका विभागानं निवेदन काढलं की जाळ्याच्या नियमांनुसार होणारं साधं स्टेकिंग म्हणजे रोख्यांची विक्री नव्हे. दारं उघडली. बिटमाइन, शार्पलिंक यांसारख्या शेअर बाजारातल्या कंपन्यांनी त्या वर्षी लाखो ईथर विकत घेतले ते याच हिशेबानं.

संस्था आल्यानं जाळ्याचं भलंही होतं, आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. जितकी जास्त नाणी तारण, तितका हल्ला महाग. पेन्शन फंड किंवा ईटीएफ भाव दोन दिवस पडला म्हणून पळत सुटत नाही. त्यांचे तंत्रज्ञ चोवीस तास पहाऱ्यावर असतात. स्वतःची नाणी, स्वतःचं यंत्र, स्वतःची जोखीम अशा पद्धतीनं एखादी कंपनी व्हॅलिडेटर चालवत असेल तर माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. मेख आहे ती दुसऱ्याची नाणी वापरण्यात.

त्याआधी छोट्याचं काय होतं ते बघू. इथेरियमवर परताव्याचा दर एकूण तारणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात चालतो. तारण चौपट झालं की दर निम्मा होतो. संस्थांची नाणी येत राहतात तसा सगळ्यांचाच दर उतरतो, पण खर्च सगळ्यांचा सारखा उतरत नाही. घरात एक यंत्र लावून व्हॅलिडेटर चालवणाऱ्याला इंटरनेट, वीज, इन्व्हर्टर, दुरुस्ती हे तेवढंच पडतं. मोठ्या संस्थेचा हाच खर्च लाखो नाण्यांवर वाटला जातो. शिवाय एका ईथरचा भाव दोन लाख रुपये धरला तरी ३२ ईथर म्हणजे ६४ लाख रुपये. कोल्हापुरात एवढ्यात फ्लॅट येतो. म्हणून सामान्य माणूस एक्स्चेंजच्या दारात जातो. बाहेर राहावं तर तेही फुकट नाही. सोलानासारख्या जाळ्यात दरवर्षी नवी नाणी निघतात आणि ती स्टेकिंग करणाऱ्यांना मिळतात. नाणी नुसती ठेवणाऱ्याचा वाटा त्या प्रमाणात झिजतो. एका बाजूनं झीज, दुसऱ्या बाजूनं एका बटणावर मिळणारा परतावा. बहुतेक जण बटण दाबतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

बटण दाबल्यावर काय होतं, ते कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. गोकुळ दूध संघ १९६३ चा. गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था त्याच्या सभासद. सकाळ-संध्याकाळ दूध घालणारा शेतकरी गावच्या संस्थेचा सभासद असतो. संघाच्या निवडणुकीत त्याला थेट मत नसतं. संस्था ठराव करते आणि ठरावात ज्याचं नाव, तो मत टाकतो. दूध लाखोंचं, मतदार काही हजार ठरावधारक. त्यामुळे संघाची सत्ता हवी असणारा म्हशीवाल्याच्या गोठ्यात जाण्याआधी ठरावाच्या मागे लागतो. २०२१ मध्ये संघात सत्तांतर झालं तेव्हा ठरावांची ओढाताण साऱ्या जिल्ह्यानं पाहिली. हाताबाहेर गेलेलं मत किती मोलाचं असतं, हे इथल्या राजकारणाइतकं क्वचितच कुठं उघड दिसत असेल.

तरीही आपल्या या व्यवस्थेला काही आधार आहेत. ठराव कुणाच्या नावावर झाला हे गावाला ठाऊक असतं. ज्या संचालकांनी तो केला त्यांना पुढच्या निवडणुकीत पाडता येतं. वार्षिक सभेत उभं राहून 'नामंजूर' म्हणता येतं, आणि या जिल्ह्यात लोक ते घसा ताणून म्हणतात. लेखापरीक्षण होतं, सहकार खात्याकडे दाद मागता येते. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं २७ वं कलम म्हणतं की एका सभासदाला एकच मत. दहा म्हशींचा मालक आणि एका म्हशीची मालकीण गावच्या संस्थेत सारख्याच वजनाचे.

स्टेकिंगमध्ये यातलं काहीच नाही. मत नाण्यागणिक, म्हणजे ज्याची थैली मोठी त्याचं वजन जास्त. ठरावधारक कोण ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं. बहुतेकांना आपण ठराव केला हेच माहीत नसतं, कारण तो वापराच्या अटींमध्ये कुठंतरी दडलेला असतो. सभा नाही, लेखापरीक्षक नाही. या देशातल्या बँकेत ठेव असेल तर पाच लाखांपर्यंत विमा असतो. इथं तोही नाही.

हे सगळं कागदावरचं भय आहे असं वाटत असेल तर मार्च २०२० मध्ये स्टीमवर काय झालं ते बघा. स्टीम हे लेखक-वाचकांचं जाळं. तिथं नाणी अडकवणारे मत देऊन साक्षीदार निवडायचे आणि वरचे २० साक्षीदार जाळं चालवायचे. फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्याचे संस्थापक जस्टिन सन यांनी या जाळ्यामागची मूळ कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीच्या काळातला नाण्यांचा मोठा साठा होता. तो मतदानाला वापरणार नाही असा जुना शब्द होता. नवा मालक तो शब्द पाळेल का, या धास्तीनं साक्षीदारांनी तो साठा गोठवला. २ मार्चला डाव उलटला. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांनी आपल्याकडे गिऱ्हाइकांनी ठेवलेली स्टीम नाणी अडकवली, मत दिलं आणि निवडून आलेले साक्षीदार एका झटक्यात बदलले गेले. ज्यांची नाणी होती त्यांना कुणी विचारलं नाही. त्यातले कित्येक जण ज्या साक्षीदारांचे समर्थक होते, त्यांनाच पाडायला त्यांची नाणी वापरली गेली असणार. शिवाय अडकवलेली नाणी पूर्ण सुटायला १३ आठवडे लागत, म्हणजे स्वतःची नाणी परत मागणाऱ्याचीही अडचण. गदारोळ झाल्यावर बायनान्स आणि हुओबीनं मतं मागे घेतली, पण तोवर विश्वास गेला होता. २० मार्चला समाजानं आपली वेगळी साखळी काढली, तिचं नाव हाइव्ह. दुसऱ्या घरात जाऊन नव्यानं चूल मांडावी लागली, आणि तीही एकमेकांना ओळखणारा छोटा समाज होता म्हणून जमलं. कोट्यवधी लोकांचे व्यवहार ज्यावर चालतात अशा जाळ्यात असं उठून जाता येणार नाही.

आताचे फंड नियामकांच्या नजरेखाली आहेत, ते असलं काही करणार नाहीत, असं सांगितलं जातं. मला त्यांच्या हेतूवर शंका घ्यायची नाही. पण मत हेतू वाईट नसतानाही वापरलं जातंच. मार्च २०२५ मध्ये सोलानावर नवी नाणी निघण्याचा वेग कमी करण्याचा प्रस्ताव आला. तो मांडण्यात मल्टिकॉइन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचा पुढाकार होता. नाणी कमी निघाली तर परतावा घटणार आणि लहान व्हॅलिडेटर मोडकळीला येणार, म्हणून लहानांपैकी बरेच जण विरोधात गेले. मतं पडली ती अडकवलेल्या नाण्यांच्या वजनानं. बाजूनं ६१ टक्क्यांच्या आसपास मतं आली आणि हव्या असलेल्या दोन तृतीयांशाला प्रस्ताव थोडा कमी पडला. प्रस्ताव बरा की वाईट हा वाद बाजूला ठेवू. ज्यांची नाणी होती त्या असंख्य लोकांच्या मिळकतीचा हा प्रश्न होता, आणि मतदान त्यांच्या नावानं व्हॅलिडेटरांनी केलं. एक्स्चेंजमार्फत स्टेकिंग करणाऱ्या किती जणांना असं काही मतदान चालू आहे याची कुणकुण तरी लागली असेल?

दुसरा दबाव कायद्याचा. ८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेच्या अर्थ खात्यानं टोर्नेडो कॅश या व्यवहार झाकणाऱ्या प्रणालीवर निर्बंध घातले. इथेरियमच्या नियमांत त्यानं काहीही बदललं नव्हतं. पण ब्लॉक पोचवणारे मोठे मध्यस्थ अमेरिकी कायद्याच्या कक्षेतले, त्यांनी असे व्यवहार गाळायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दहापैकी सातांहून जास्त ब्लॉक अशा गाळणाऱ्या वाटेनं येत होते. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्याच अपील न्यायालयानं म्हटलं की खात्यानं अधिकाराबाहेर पाऊल टाकलं, आणि मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. कंपनीनं आपल्या देशाचा कायदा पाळणं यात गैर काही नाही, पाळलाच पाहिजे. पण स्टेकिंगचा मोठा वाटा एका देशातल्या मूठभर संस्थांकडे गेला की त्या देशाच्या एका खात्याचा आदेश साऱ्या जगाच्या जाळ्याला लागू होतो, आणि तो आदेश चुकीचा होता हे कळायला दोन वर्षं जातात. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला किंवा हुपरीच्या चांदी कारागिराला उद्या परदेशातून पैसे या वाटेनं यायचे असतील, तर त्याचं म्हणणं त्या खात्यापुढे कोण मांडणार?

प्रमाण किती, हेही सांगायला हवं. मार्च २०२५ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजनं स्वतःच जाहीर केलं की इथेरियमच्या एकूण स्टेकिंगपैकी ११ टक्क्यांहून थोडं जास्त त्यांच्या व्हॅलिडेटरांवर आहे. अमेरिकेतल्या बहुतेक ईथर ईटीएफची नाणी सांभाळणारी कंपनीही तीच. लायडो ही सामूहिक स्टेकिंगची प्रणाली एके काळी एक तृतीयांशाच्या उंबरठ्यावर होती. जून २०२२ मध्ये तिनं स्वतःवर मर्यादा घालावी असा प्रस्ताव आला, तेव्हा तिच्या नाणेधारकांनी तो प्रचंड बहुमतानं फेटाळला. त्यानंतर तिचा वाटा उतरला, पण तो इतरांच्या स्पर्धेमुळे. आपल्याच वाढीला आपणच लगाम घालावा, अशी अपेक्षा कुठल्याही संस्थेकडून ठेवण्यात अर्थ नाही.

एकवटण्याचा धोका सगळ्यात ठळक दिसतो तो गडबडीच्या वेळी. सप्टेंबर २०२५ मध्ये संस्थांसाठी स्टेकिंग चालवणाऱ्या किल्न या कंपनीच्या प्रणालीतल्या फटीमुळे एका गिऱ्हाइकाची सोलाना नाणी चोरीला गेली. खबरदारी म्हणून किल्ननं इथेरियमवरचे आपले सगळे व्हॅलिडेटर बाहेर काढायचं ठरवलं, सुमारे १६ लाख ईथर. निर्णय जबाबदारीचाच होता. पण जाळ्यातून दिवसाला फक्त ५७,६०० ईथर बाहेर पडू शकतात. म्हणजे एकट्या किल्नचेच जवळपास २८ दिवस झाले. त्या रांगेत मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला, ज्याचा किल्नशी काही संबंध नाही अशालाही, आठवडेच्या आठवडे थांबावं लागलं.

इथेरियमच्या रचनाकारांना हे आधीच उमगलं होतं, असं त्यांचे नियम वाचताना जाणवतं. एकट्यादुकट्या व्हॅलिडेटरची चूक झाली तर कपात थोडी होते. एकाच काळात पुष्कळ जण चुकले तर प्रत्येकाची कपात वाढत जाते, आणि एक तृतीयांश एकदम चुकले तर त्यांचं सगळं तारण जातं. एकसारखं वागणाऱ्यांना नियमानंच महाग केलं आहे. याचं महत्त्व मे २०२३ मध्ये दिसलं. काही व्हॅलिडेटर सॉफ्टवेअरवर अचानक ताण आला आणि लागोपाठ दोन दिवस थोड्या थोड्या वेळासाठी फायनॅलिटी थांबली. बाकीच्यांचं सॉफ्टवेअर वेगळं होतं म्हणून जाळं चालत राहिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेट्झनर या जर्मन होस्टिंग कंपनीनं आपल्या सर्व्हरवरचे सोलानाचे नोड, म्हणजे जाळं चालवणारी यंत्रं, बंद केले, तेव्हा एक हजारच्या आसपास नोड एकदम गेले. संस्थांचा कल नेमका उलट दिशेला असतो. खरेदी विभागाला नावाजलेला पुरवठादार हवा, विमा कंपनीला ओळखीची क्लाउड सेवा हवी, लेखापरीक्षकाला सगळ्यांनी वापरलेलं सॉफ्टवेअर हवं. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी शहाणा, पण सगळे मिळून एकाच भिंतीला टेकतात.

मग करायचं काय? कॉसमॉस जाळ्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. तिथं नाणी दुसऱ्या व्हॅलिडेटरकडे सोपवली तरी मत तुमचंच राहतं. तुम्ही काही केलं नाही तर व्हॅलिडेटरचं मत तुमचं धरलं जातं, पण तुम्ही स्वतः मत दिलंत तर तेवढ्या नाण्यांपुरतं त्याचं मत बाद होतं. म्हणजे परतावा आणि मत वेगळं काढता येतं, तांत्रिक अडचण नाही. हाच नियम फंडांना आणि एक्स्चेंजांना लावायचा. गिऱ्हाइकाला मत देता येत नसेल तर संस्थेनं त्याच्या नाण्यांवर कुठल्याही प्रस्तावात मत देऊ नये. आणि लोकांची नाणी एकाच चालकाकडे न देता अनेकांत वाटणं ही अट फंडाच्या माहितीपत्रकातच असावी.

आपल्या सरकारनं १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस लावला, एकातला तोटा दुसऱ्यातून वजा करायला मनाई केली. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजांना मनी लाँडरिंग कायद्याखाली आणलं, त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. पैशाचा माग ठेवण्याची तजवीज झाली. ज्याचे पैसे आहेत त्याच्या हक्काचं मात्र यात कुठं नाव नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, तेव्हा गिऱ्हाइकांना पुढे वर्षभराहून जास्त काळ आपल्या पैशाची वाट पाहावी लागली. तिथं निदान आपलं काय गेलं ते कळत होतं. मत गेलेलं कळतही नाही.

नोंदणी असलेल्या ज्या एक्स्चेंजला स्टेकिंगची सेवा द्यायची आहे, तिच्यावर सरकारनं तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात, आणि त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. गिऱ्हाइकाची नाणी कुठल्या व्हॅलिडेटरवर आहेत ते त्याच्या खात्यावर दिसावं. मत देण्याची परवानगी वापराच्या अटींत न दडवता वेगळी मागावी आणि ती केव्हाही काढून घेता यावी. संस्थेनं वर्षभरात कुठं कुठलं मत दिलं ते मराठीसह ग्राहकांच्या भाषांत जाहीर करावं. या मागण्या नीट शब्दांत बसवण्याचं काम कोल्हापुरातले सहकार कायद्याचे वकील आणि लेखापरीक्षक दिल्लीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं करतील. सभासदाचं मत कुठल्या कुठल्या वाटांनी हातचं जातं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे.

तोवर, तुमची नाणी स्टेकिंगला असतील तर ज्या एक्स्चेंजमार्फत लावलीत तिला एक ईमेल लिहा. माझी नाणी कुठल्या व्हॅलिडेटरवर आहेत? तो कोण चालवतो आणि कुठल्या सॉफ्टवेअरवर? गेल्या वर्षभरात माझ्या नाण्यांच्या वजनावर मत दिलं गेलं का, आणि कुणाला विचारून? लेखी उत्तर मागा. ते आलं नाही तर नाणी स्टेकिंगमधून काढून घ्या, त्या तीन टक्क्यांवर पाणी सोडावं लागलं तरी.